तराजूतला पासंग

गेल्या जुलैतली गोष्ट. विज्ञानाचे सर रजेवर होते आणि दहावीचा ॲडजस्टमेंटचा तास आमच्या नावावर लागला. आम्ही उर्दू आणि मराठी शिकवणारे. असा तास वाट्याला आला की भाषेचा शिक्षक काय करतो, हे शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पुस्तक उघडायला सांगतो, एकाला वाचायला उभे करतो आणि आपण वह्या तपासत बसतो. आम्हीही तेच केले. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पहिलाच धडा गुरुत्वाकर्षणाचा. आमच्या उर्दू माध्यमात त्याला ‘कशिश-ए-सिक्ल’ म्हणतात. एक मुलगा वाचत होता: हवेचा अडथळा नसेल तर हलकी आणि जड वस्तू सारख्याच वेगाने खाली येतात, वगैरे.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. एरवी हजेरीपलीकडे तिचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता.

“सर, सब चीजें? मतलब लोहा, लकडी, पानी, अनाज, सब? ये किसने चेक किया?”

आम्ही वहीतून मान वर न काढता म्हणालो, “किताब में लिखा है ना? बैठो.”

वर्ग हसला. ती बसली. तास संपेपर्यंत तिने पुस्तकातून डोके वर काढले नाही. तेव्हा आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही, हे इथे कबूल करतो.

वावगे वाटले ते रात्री, इशानंतर. माळ्यावरून काहीतरी काढताना अब्बांचा जुना तराजू हाताला लागला. अब्बांचे राजापेठेत धान्याचे लहानसे दुकान होते. उड्डाणपूल नव्हता, रेल्वेचे फाटक पडले की दोन्हीकडे सायकली आणि रिक्षा तुंबायच्या, त्या काळातले. रोज सकाळी दुकान उघडले की पहिले गिऱ्हाईक येण्याआधी अब्बा एक काम करायचे. रिकामा तराजू उचलून काटा मधोमध येतो का पाहायचे. मग एका पारड्यात किलोचे वजन आणि दुसऱ्यात तेवढा गहू घालून काटा जुळवायचे. आणि मग वजन आणि गहू यांची पारडी बदलून पुन्हा पाहायचे. काटा हलला, तर तराजूत पासंग आहे. मग दांडीला चिंधीत बांधलेला शिशाचा तुकडा कमीजास्त करायचा. वजनांवर सरकारी शिक्का वेळच्या वेळी मारलेला असायचाच, तरीही हे रोज चाले.

लहानपणी आम्ही एकदा विचारले होते, “अब्बा, काल तर बरोबर होता ना?” ते म्हणाले, “कल का हिसाब कल का. सारखा आहे असं मानायचं नसतं बेटा, पाहायचं असतं.”

त्या माणसाच्या मुलाने वर्गात सांगितले होते, किताब में लिखा है.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राजापेठ चौकातल्या चहाच्या टपरीवर एका मित्राला गाठले. ते ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतात. आमचा प्रश्न ऐकून आधी हसले. “काऊन सर, लँग्वेजवाले आता फिजिक्सच्या मांगं लागले का?” मग त्यांनी दुसरा चहा सांगितला, आणि जे बोलायला लागले ते आठ वाजेपर्यंत थांबले नाहीत. पुढचे बरेचसे त्यांचेच आहे. आम्ही नंतर वाचून पडताळले एवढेच.

मुलीचा पहिला शब्द होता, ‘सब चीजें?’ आणि तोच कळीचा निघाला. दुकानातला हमाल आठवा. ज्वारीचे पोते उचलायला त्याला जोर लागतो, कारण पृथ्वी ते खाली ओढते. तेच पोते हातगाडीवर टाकून सपाट रस्त्यावर ढकलायचे, तरी सुरुवातीला जोर लागतोच. इथे पृथ्वीच्या ओढीचा संबंध नाही. वस्तूचा स्वतःचाच हलायला नकार असतो. हे दोन जोर वेगवेगळे आहेत. पण जगातली प्रत्येक वस्तू जेवढ्या प्रमाणात ओढली जाते, नेमकी तेवढ्याच प्रमाणात ती हलायला नकार देते. म्हणून तर जड आणि हलके एकत्र पडतात. आता लोखंडाच्या बाबतीत हे दोन जुळावेत, आणि गव्हाच्या बाबतीतही तसेच जुळावेत, असे का? याचे कारण न्यूटनच्या नियमांत कुठे नाही. म्हणजे तपासावे लागणार.

आणि न्यूटनने तपासले होते. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त त्याने लिहून ठेवले आहे. लाकडाच्या दोन सारख्या पेट्या, अकरा फुटांच्या सारख्या दोऱ्यांना टांगलेल्या. एकीत एक पदार्थ, दुसरीत तेवढ्याच वजनाचा दुसरा. दोन्ही लंबक शेजारी शेजारी झुलवायचे आणि कुणी मागे पडतो का पाहायचे. त्याने पाहिलेले पदार्थ असे: सोने, चांदी, शिसे, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू. गहू ऐकल्यावर आम्ही चहाचा ग्लास खाली ठेवला. फरक दिसला नाही, आणि हजारात एक भाग एवढा फरक असता तरी तो दिसला असता, असे न्यूटनचे म्हणणे.

पुढे लोक यापेक्षा बारीक काटे बनवत गेले. हंगेरीत एट्वॉश यांनी तारेला टांगलेल्या दांडीवर हा प्रयोग केला. आपल्याकडे नागपुरात जन्मलेले रामनाथ कौसिक आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले त्यांचे सहकारी कर्नाटकात गौरीबिदनूरला जमिनीखाली प्रयोगशाळा करून अशाच टांगत्या काट्यांवर काम करत होते. जमिनीखाली का? तर वरची रहदारी, वारा आणि दिवसा-रात्रीचे गरम-थंड काट्यापर्यंत पोहोचू नये म्हणून. अमरावतीच्या मे महिन्यात ज्याने धान्य तोलले आहे त्याला हे सांगायला नको.

शास्त्रज्ञ याला सममिती म्हणतात. शब्द अवघड आहे, पण आमच्या घरात त्याचा अर्थ माळ्यावर पडलेला होता. पारडी बदला, काटा हलला नाही, तर ती सममिती. गुरुत्वाच्या तराजूत लोखंडाच्या जागी गहू ठेवला, आजच्या जागी उद्या ठेवला, इथल्या जागी तिथले ठेवले, तर काटा हलतो का? आइन्स्टाइनने १९१५ साली आपला सगळा सिद्धांत ‘हलत नाही’ या शब्दावर उभा केला. पण अणूंच्या जगाचे जे नियम आहेत त्यांच्याशी हा सिद्धांत अजून जुळलेला नाही. म्हणून पुष्कळ शास्त्रज्ञांना वाटते, की कुठेतरी फार खोलवर बारीकसा पासंग असणार. तो सापडला तर पुढची वाट दिसेल. मित्र म्हणाले, “म्हणजे सर, हे लोक तराजू बरोबर आहे म्हणून खूश होत नाहीत. त्यांना चूक पाहिजे आहे.”

त्यासाठी वस्तू खूप वेळ पडत राहिली पाहिजे. जर्मनीत ब्रेमेनला एक उंच मनोरा आहे. त्यात वस्तू एकशे दहा मीटर खाली पडते, तरी हाती पावणेपाच सेकंदच लागतात. उपग्रह मात्र पडतच असतो. तो पृथ्वीकडे पडतो, पण आडवा इतक्या वेगाने जात असतो की पृथ्वी दर वेळी त्याच्या खालून वळून जाते. वर्षानुवर्षे पडणारी वस्तू हवी असेल तर ती कक्षेतच मिळणार.

फ्रान्सच्या अवकाश संस्थेने २५ एप्रिल २०१६ रोजी ‘मायक्रोस्कोप’ नावाचा उपग्रह सुमारे सातशे किलोमीटर उंचीवर सोडला. आत एकात एक बसणारे दोन पोकळ नळकांडे. एक टायटॅनियमचे, एक प्लॅटिनमचे. दोघे एकत्रच पडत असतील तर एकमेकांच्या तुलनेत जागचे हलणार नाहीत. जरा जरी फरक असेल तर एकाला जागेवर ठेवायला थोडा जास्त विजेचा जोर लावावा लागेल, आणि तो मोजता येतो. पण आम्हाला आवडली ती पुढची गोष्ट. त्याच उपग्रहात अशीच आणखी एक जोडी होती, आणि तिच्यात दोन्ही नळकांडी प्लॅटिनमचीच! ही दुसरी जोडी कशाला? यंत्राचा स्वतःचा पासंग किती, हे कळावे म्हणून. अब्बांचा रिकामा तराजू, सातशे किलोमीटर वर. २०२२ च्या सप्टेंबरात शेवटचा निकाल आला. एकावर पंधरा शून्ये दिल्यावर जी संख्या होते, साधारण तितक्या भागांत एक भाग इतक्या बारकाईपर्यंत दोन धातूंच्या पडण्यात फरक सापडला नाही.

हे सगळे पुढच्या तासाला सांगून टाकता आले असते. पण तो परत ‘किताब में लिखा है’चाच प्रकार झाला असता, फक्त किताब जाडजूड. विज्ञानाचे सर परत आले होते. त्यांची परवानगी घेतली. घरून सारख्या आकाराचे दोन पत्र्याचे डबे, अब्बांचा तराजू, किलोचे एक वजन आणि अम्मींच्या कोठीतला किलोभर गहू असे सामान रिक्षात घालून शाळेत नेले. अम्मींनी बजावले, “गेहूं वापस लाना.”

शाळेच्या वरच्या गॅलरीच्या लोखंडी दांडीला दोन सुतळ्या बांधल्या, अकरा अकरा फूट मोजून. एका डब्यात गहू, दुसऱ्यात लोखंडी वजन. दोन मुलांनी डबे एकाच रेषेपर्यंत ओढून ‘तीन’ म्हटल्यावर सोडले. वर्ग झोके मोजायला लागला. दहापर्यंत दोन्ही बरोबर. विसाव्याला लोखंडाचा डबा मागे पडल्यासारखा वाटला. तिसाव्याला शंकाच उरली नाही. “लोहा हार गया!” असा गलका झाला. दोन मुलांनी तर एकमेकांना टाळ्या दिल्या. विज्ञानाच्या सरांनी आमच्याकडे पाहिले. आम्हाला घाम फुटला. न्यूटन, आइन्स्टाइन आणि फ्रान्सचा उपग्रह एकीकडे, आणि आमचे दोन डबे दुसरीकडे.

गलका ओसरल्यावर मागून आवाज आला, “सर, डिब्बे बदल के देखो ना.”

तीच होती. डबे बदलले. गव्हाच्या सुतळीला लोखंड, लोखंडाच्या सुतळीला गहू. पुन्हा लोखंडच मागे. म्हणजे सुतळीचा दोष नव्हता. दोष होता तो डब्यात होता, किंवा मग सृष्टीत. ती पुढे आली, दोन्ही डब्यांची झाकणे काढून आत बघत राहिली. एवढा वेळ, की पोरे चुळबुळायला लागली. मग म्हणाली, “गेहूं पूरे डिब्बे में है. लोहा नीचे बैठा है.”

विज्ञानाचे सर जागेवरून उठले. लंबकाची लांबी सुतळीवर मोजायची नसते. टांगल्या जागेपासून वजनाच्या मध्यापर्यंत मोजायची असते. गव्हाने डबा भरलेला, त्यामुळे त्याचा मध्य डब्याच्या मध्याशी. लोखंडाचे वजन तळाशी, म्हणजे त्याचा लंबक चार-पाच सेंटिमीटरने लांब. लांब लंबक सावकाश झुलतो. न्यूटननेही आपले सोने पेटीत नेमक्या जागी टांगले होते, ते याचसाठी. हे आम्ही वाचले होते. वाचूनही आमच्या लक्षात आले नव्हते.

डस्टरची फडकी आणि चिंध्या कोंबून वजन डब्याच्या मध्यावर आणले. दोन्ही डबे तराजूत घालून पुन्हा जुळवले. या वेळी मोजायला तिला पुढे उभे केले. चाळीस, पन्नास, साठ. दोन्ही डबे जोडीने जात होते, जोडीने येत होते. ऐंशीला घंटा झाली, तरी कुणी हलले नाही. आमचा काटा न्यूटनच्या मानाने अगदीच ढोबळ, तरी चाळीस पोरांनी पहिल्यांदाच पुस्तकातले एक वाक्य स्वतःच्या डोळ्यांनी तोलून पाहिले. त्यात त्यांच्या सरांचाही समावेश धरावा.

मग आम्हालाच चैन पडेना. पदार्थ बदलून झाले. काळ बदलला तर? आजची ओढ आणि लाख वर्षांपूर्वीची ओढ एकच आहे का? हा प्रश्न मराठी घरातल्या एका माणसाने फार गंभीरपणे घेतला होता. कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेले जयंत नारळीकर. फ्रेड हॉइल यांच्यासोबत त्यांनी गुरुत्वाचा जो वेगळा सिद्धांत मांडला, त्याच्या १९७० च्या दशकातल्या एका रूपात गुरुत्वाचे बळ काळाबरोबर हळूहळू घटत जाते. तसे असेल तर चंद्राच्या कक्षेत ते दिसले पाहिजे, कारण ओढ कमी झाली की चंद्र ठरावीक प्रमाणात दूर सरकणार.

आणि चंद्राचे अंतर मोजण्याची सोय तोवर झालेली होती. जुलै १९६९ मध्ये अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी तिथे एक आरशांची चौकट ठेवली. नंतर आणखी काही ठेवल्या गेल्या. पृथ्वीवरून लेसरचा झोत सोडायचा. तो आरशावरून आल्या वाटेने परततो. जायला-यायला मिळून सुमारे अडीच सेकंद. तो वेळ मोजून सरासरी तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरचे अंतर आता मिलिमीटरपर्यंत कळते. चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर जातो आहे, हे त्यातूनच पक्के झाले. पण ते समुद्राच्या भरती-ओहोटीमुळे. तो हिशेब वजा केल्यावर गुरुत्वाच्या बळात वर्षाला एक लाख कोटींत एक भाग इतकीही घट उरत नाही. नारळीकरांच्या त्या कल्पनेला चंद्राने दुजोरा दिला नाही. आम्हाला यात त्यांचा कमीपणा वाटत नाही. तपासता येईल असे म्हणणे मांडायला धाडस लागते. तपासता न येणारी मते तर आमच्या स्टाफरूममध्येही रोज मांडली जातात.

त्याच आरशांनी आणखी एक पारडे बदलून दाखवले. पृथ्वीच्या पोटात लोखंडाचा मोठा गोळा, चंद्राच्या पोटात लोखंड फार थोडे. दोघेही सूर्याकडे पडत आहेत. लोखंडाला सूर्य जरा जास्त ओढत असता, तर चंद्राची कक्षा सूर्याच्या बाजूला किंचित सरकलेली दिसली असती. तशी ती दिसत नाही. म्हणजे आमच्या गॅलरीतला प्रयोग आभाळात रोज चालू आहे. तिथे डब्याच्या जागी पृथ्वी आहे, इतकेच.

चांद हा आपल्या घरांतला फार जवळचा विषय आहे. एकोणतिसाव्या रोज्याला मगरिबनंतर गच्चीवर चढलेली मंडळी, ढग, आणि दर पाच मिनिटांनी वाजणारा फोन. चंद्र कुठे आहे हे मिलिमीटरपर्यंत ठाऊक असणे आणि आपल्या डोळ्यांना तो दिसणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. तो वाद इथे काढत नाही. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ उतरले, तेव्हाही याच गच्चीवर मोहल्ल्यातली पोरे चंद्राकडे बोटे दाखवत होती. त्या विक्रम लँडरवरही पाच सेंटिमीटर रुंदीचा एक छोटा आरसा आहे, नासाने दिलेला. त्याच वर्षी १२ डिसेंबरला चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकी यानाने लेसर टाकला आणि त्या आरशातून उजेड परत आला.

शेवटची गोष्ट वर्गात सांगितली तेव्हा मुलांना सर्वात जास्त आवडली, कारण ती चुकीची आहे. २२ ऑगस्ट २०१४ रोजी युरोपच्या ‘गॅलिलिओ’ यंत्रणेचे दोन उपग्रह सोडले. आपल्या मोबाइलला रस्ता दाखवणाऱ्या उपग्रहांसारखेच. रॉकेटच्या वरच्या टप्प्यात इंधनाची नळी थंड हेलियमच्या नळीजवळून नेली होती. इंधन गोठले, आणि उपग्रह गोल कक्षेऐवजी लांबट कक्षेत जाऊन पडले. करोडोंचा माल वाया गेला असे सगळ्यांना वाटले. पण त्यांच्यात फार उत्तम अणुघड्याळे होती, आणि लांबट कक्षेमुळे ती प्रत्येक फेरीत सुमारे साडेआठ हजार किलोमीटर वर-खाली होत होती. आइन्स्टाइन म्हणतो, पृथ्वीजवळ घड्याळ सावकाश चालते, उंचावर जलद. आणि किती, हेही सांगतो. दिवसाला दोनदा जवळ, दोनदा लांब, असे हजारावर दिवस चालले. पॅरिस आणि ब्रेमेनच्या दोन गटांनी वेगवेगळा हिशेब केला. जागा बदलली तरी नियम तोच राहिला, आणि तोही १९७६ च्या आधीच्या मोजणीपेक्षा चार-पाच पट बारकाईने. वर्गातला एक पोरगा म्हणाला, “सर, मतलब फेल होके पास हो गए.”

नारळीकरांबद्दल एक राहिले. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगायचे, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठवा, उत्तराखाली माझी सही मिळेल. २० मे २०२५ रोजी ते गेले. हे सांगितले तेव्हा ती मुलगी काही बोलली नाही. तास संपल्यावर मात्र टेबलाशी येऊन उभी राहिली.

“सर, रोशनी? उसका तो वजन ही नहीं. वो भी गिरती है क्या?”

उत्तर आम्हाला येत नव्हते. तसे सांगितले, आणि तिला घेऊन विज्ञानाच्या सरांकडे गेलो. त्यांनी दोन खुर्च्या ओढल्या. एक तिला, एक आम्हाला. १९१९ सालच्या सूर्यग्रहणापासून त्यांनी सुरुवात केली.

घरी परतायला उशीर झाला. अम्मींनी आधी गव्हाची पिशवी हातातून घेतली, हातावर तोलून पाहिली, आणि दळणाच्या डब्यात ओतली.